मनोविकारांवरील औषधे आणि परिचारिकेची नजर : पार्श्वभूमी

मनोरुग्णांच्या परिचर्येचे आजचे स्वरूप मुख्यतः १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत घडले. वरवर पाहता हा इतिहास रसायनशास्त्रज्ञांचा आणि मनोविकारतज्ज्ञांचा वाटतो, परंतु त्यातील प्रत्येक नवे औषध गुणांबरोबर स्वतःचा एक धोकाही घेऊन आले. तो धोका वेळेवर ओळखण्याचे काम रुग्णाजवळ दिवसरात्र असणाऱ्या व्यक्तीकडे, म्हणजे परिचारिकेकडे आले. औषधांच्या इतिहासात या कामाची नोंद फार थोडी आढळते, ही मोठी उणीव आहे.

त्यापूर्वी उपलब्ध असलेली ब्रोमाइड, क्लोरल हायड्रेट, पॅराल्डिहाइड ही द्रव्ये रुग्णाला झोपवत असत; आजारावर त्यांचा परिणाम होत नसे. १९३० च्या दशकात आलेल्या इन्शुलिन कोमा उपचारात रुग्णाला मुद्दाम बेशुद्ध करून ग्लुकोज देऊन शुद्धीवर आणले जाई, आणि त्यासाठी परिचारिकांना तासन्‌तास खाटेपाशी थांबावे लागे. एरवी मनोरुग्णालयांतील बहुतेक काम रखवालीचे होते. भारतात १९१२ चा ‘लुनसी ॲक्ट’ हा मनोरुग्णांविषयीचा कायदा लागू होता आणि त्याचा रोख उपचारापेक्षा रुग्णाला कोंडून ठेवण्यावर अधिक होता. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने अहवाल दिला तेव्हा संपूर्ण देशात मनोरुग्णांसाठी सुमारे १०,००० खाटा होत्या. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथील रुग्णालये तेव्हाही होती. परंतु ‘ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला न्या’ हे शब्द मराठी घरांत उपचाराच्या अर्थाने क्वचितच उच्चारले जात.

पहिल्या आधुनिक औषधांपैकी एकाचे मूळ भारतात आहे. सर्पगंधेचे मूळ बिहारमध्ये ‘पागल की दवा’ या नावाने विकले जाई. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली वेडेपणा आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरील तिच्या उपयोगाविषयी लेख लिहिला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. १९५२ साली सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले, आणि १९५४ साली अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याच्या वापराचा अहवाल मांडला. वैद्यकीय संशोधनासाठीच्या १९५७ च्या लॅस्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन ही दोन्ही नावे आहेत. रेसर्पिनने रक्तदाब खाली येई आणि काही रुग्ण खोल उदासीनतेत गेल्याच्या नोंदी होऊ लागल्या; त्यामुळे मनोविकारांच्या उपचारांतून ते लवकरच मागे पडले.

त्याची जागा घेतली क्लोरप्रोमाझीनने. फ्रान्समधील रोन-पूलांक कंपनीत पॉल शार्पांतिए यांनी ते तयार केले. सैन्यातील शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांना शस्त्रक्रियेच्या वेळी त्याने रुग्ण विलक्षण शांत, किंबहुना भोवतालाविषयी उदासीन झालेले दिसले. आणि १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना पद्धतशीरपणे दिले. ज्या वॉर्डांत आरडाओरडा आणि बांधून ठेवणे हा नित्यक्रम होता, तेथे रुग्णांशी बोलता येऊ लागले. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेत हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हाच परिचर्येचा गाभा आहे, अशी मांडणी केली. माझ्या मते या दोन गोष्टी एकमेकींना पूरक ठरल्या, कारण रुग्ण ऐकण्याच्या स्थितीत आल्याशिवाय ती मांडणी मोठ्या रुग्णालयांत प्रत्यक्षात येणे कठीण होते.

परंतु क्लोरप्रोमाझीन घेणारा रुग्ण खाटेवरून एकदम उठला तर रक्तदाब उतरून कोसळत असे. उन्हात त्याची त्वचा भाजल्यासारखी होई, आणि हे द्रव्य सतत हाताळणाऱ्या परिचारिकांच्याही हातांवर पुरळ उठे. काही रुग्णांचे स्नायू ताठरत, हात थरथरत, चेहरा भावशून्य होई. सर्वांत फसवा परिणाम होता तो अंतर्गत अस्वस्थतेचा : रुग्ण एका जागी बसू शकत नसे, येरझाऱ्या घालत राही. ही अस्वस्थता आजार वाढल्याचे लक्षण समजून औषधाची मात्रा वाढवली, तर त्रास आणखी बळावत असे. हा फरक डॉक्टरांच्या काही मिनिटांच्या फेरीत कळणे अवघड आहे. पाळीभर रुग्णासोबत राहणाऱ्या व्यक्तीलाच तो दिसतो. दीर्घकाळ औषध घेतलेल्यांत जिभेच्या आणि ओठांच्या अनैच्छिक हालचाली दिसू लागल्या, तेव्हा १९७६ साली त्या मोजण्याची एक प्रमाण श्रेणी तयार झाली, आणि प्रशिक्षित परिचारिकाही ती वापरतात.

लिथियमची कथा अधिक कठोर आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या, म्हणजे टोकाच्या उत्तेजित मनःस्थितीच्या, रुग्णांवरील त्याचा गुण प्रसिद्ध केला. परंतु त्यांचा पहिलाच रुग्ण पुढे लिथियमच्या विषबाधेने दगावला. गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर अगदी थोडे असल्याने, रक्तातील प्रमाण मोजण्याची सोय झाल्यावरच हे औषध सुरक्षितपणे रुळले. अमेरिकेत त्याला १९७० साली मान्यता मिळाली. रक्ताचा नमुना आदल्या मात्रेनंतर सुमारे बारा तासांनी घ्यावा लागतो. उलट्या, जुलाब, वाढलेला कंप किंवा झोकांडत चालणे दिसताच पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे लागते. आहारातील मीठ अचानक कमी झाले किंवा उन्हाळ्यात शरीरातील पाणी घटले, तरी रक्तातील लिथियम वाढते.

१९६० च्या दशकात फ्लुफेनाझीन या क्लोरप्रोमाझीनच्या गटातील औषधाची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने आली आणि परिचर्या रुग्णालयाच्या भिंतीबाहेर पडली. ब्रिटनमध्ये वॉर्लिंगहॅम पार्क रुग्णालयाने १९५४ सालीच परिचारिकांना घरी गेलेल्या रुग्णांच्या भेटीसाठी नेमले होते. काही आठवड्यांतून एकदा द्यायच्या या इंजेक्शनाने अशा भेटींना निश्चित वेळापत्रक मिळाले. रुग्ण गोळी जिभेखाली लपवतो का, हे पाहण्याची गरज कमी झाली, मात्र इंजेक्शनाला त्याची संमती खरी आहे का, हा प्रश्न अधिक गंभीर झाला.

क्लोझापीन या आणखी एका मनोविकारावरील औषधाने रक्ततपासणीला उपचाराचा अविभाज्य भाग बनवले. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधाने पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावल्याने ते अनेक ठिकाणी मागे घेतले गेले. पुढे १९८८ साली अमेरिकेतील एका अभ्यासात, इतर औषधांनी न सुधारलेल्या रुग्णांपैकी ३० टक्के क्लोझापीनने सुधारले, तर तुलनेच्या औषधाने ४ टक्केच. नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आले. हे औषध घेणाऱ्याचा साधा ताप किंवा घसादुखीही दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही.

भारतात १९५४ साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, आणि मनोरुग्ण परिचर्येच्या प्रशिक्षणाला तेथून वळण लागले. हीच संस्था पुढे निम्हान्स झाली. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी त्याच दशकात नातेवाइकांना रुग्णांसोबत राहू दिले. ही दूरदृष्टी होती, कारण आपल्याकडे बहुतेक रुग्ण घरीच राहतात आणि त्यांना गोळ्या देतात ते आई, पत्नी किंवा भाऊ. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आणि भविष्यात कोणते उपचार हवेत वा नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार रुग्णाला दिला. म्हणून घरी सोडताना परिचारिकेने कुटुंबाला काय सांगितले, याला औषधाच्या चिठ्ठीइतकेच महत्त्व आहे : कोणत्या लक्षणाला घाबरायचे नाही, कोणत्या लक्षणासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि बरे वाटू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने का थांबवायची नाही.