अवयव पद्धतीने वर्गसमीकरणे सोडवणे

वर्गसमीकरणाच्या डाव्या बाजूचे दोन रेषीय अवयव पाडून त्याची मुळे काढण्याची रीत. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ (४० गुण, २ तास) या विषयात ती शिकवली जाते. पूर्ण वर्ग पद्धत आणि सूत्र पद्धत तिच्यानंतर येतात. नाशिक विभागीय मंडळाच्या नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या चारही जिल्ह्यांत हाच अभ्यासक्रम आहे. प्रश्नात ‘अवयव पद्धतीने सोडवा’ असे म्हटले असेल, तर सूत्र वापरून काढलेले बरोबर उत्तरही पूर्ण गुणांची खात्री देत नाही.

सगळी रीत एका गोष्टीवर उभी आहे: दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांतली निदान एक शून्य असतेच. हा गुणधर्म फक्त शून्याचा. (क्ष − २)(क्ष + ३) = १४ असे दिले की अनेक जण क्ष − २ = १४ लिहून मोकळे होतात. १४ मात्र २ × ७ आहे, १ × १४ आहे, (−२) × (−७) सुद्धा आहे. म्हणून आधी कंस सोडवून सर्व पदे डावीकडे घ्यावीत: क्ष² + क्ष − २० = ०, म्हणजे (क्ष + ५)(क्ष − ४) = ०; मुळे ४ आणि −५.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या संख्यांतही, म्हणजे ज्यांच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज केली की मूळ संख्या परत येते अशा संख्यांतही, शून्य आणि इतर संख्या यांतला हाच फरक दिसतो. ४५² = २०२५ आणि २० + २५ = ४५. वर्गाच्या पहिल्या दोन अंकांची संख्या अ मानली, तर क्ष² = १००अ + (क्ष − अ), म्हणून क्ष(क्ष − १) = ९९अ. उजवीकडे शून्य नसल्याने इथे कोणताही एक अवयव ९९ च्या पटीत असण्याची सक्ती नाही: ४५ मध्ये ९ आहे, ४४ मध्ये ११.

अ·क्ष² + ब·क्ष + क = ० या सामान्य रूपात अ आणि क यांचा गुणाकार करतात आणि ज्यांची बेरीज ब येते अशा दोन संख्यांत तो फोडतात. ६क्ष² − १३क्ष + ६ = ० मध्ये गुणाकार ३६; तो धन आणि मधले पद ऋण, म्हणून दोन्ही संख्या ऋण: −९ आणि −४. मग ६क्ष² − ९क्ष − ४क्ष + ६ = ३क्ष(२क्ष − ३) − २(२क्ष − ३). सर्वांत जास्त गुण इथेच जातात: −२ सामाईक काढताना +६ चे चिन्ह बदलायचे राहते आणि कंस (२क्ष + ३) होतो. दोन्ही कंस सारखे आले नाहीत, तर पुढे जाऊ नये. मुळे ३/२ आणि २/३.

√३क्ष² + १०क्ष + ७√३ = ० मध्ये गुणाकार २१, फोड ३ आणि ७. ३ म्हणजे √३ × √३ हे लक्षात आले, तरच √३क्ष(क्ष + √३) + ७(क्ष + √३) अशी जोडी जमते.

क्ष² = ७क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्ष ने भागू नये; ० हे मूळ हरवते.

शाब्दिक उदाहरणांत गुणाकार मोठा येतो. समजा, २४०० रुपयांच्या द्राक्षपेट्या घेतल्या. पेटी ४० रुपयांनी स्वस्त असती, तर त्याच पैशांत २ पेट्या जास्त आल्या असत्या. एका पेटीचा भाव क्ष रुपये मानून २४००/(क्ष − ४०) − २४००/क्ष = २, त्यावरून क्ष² − ४०क्ष − ४८००० = ०. इथे सगळे विभाजक लिहीत बसण्यात वेळ जातो. संख्यांमधला फरक ४०, म्हणजे त्या एकाच मध्यापासून २०–२० अंतरावर; मध्य म मानला, तर (म + २०)(म − २०) = म² − ४०० = ४८०००, म्हणून म² = ४८००० + ४०० = ४८४०० = २२०² आणि जोडी २४० आणि २००. (क्ष − २४०)(क्ष + २००) = ०. भाव ऋण नसतो, म्हणून −२०० नाकारल्याचे एक वाक्य लिहावे आणि उत्तर ‘२४० रुपये’ असे एककासह द्यावे. पडताळा: १० पेट्या, स्वस्त भावात १२.

सहगुणक पूर्णांक असताना जोडी सापडत नसेल, तर ब² − ४अक पाहावे. क्ष² + २क्ष − ५ = ० साठी ते २४; पूर्ण वर्ग नाही, म्हणून परिमेय अवयव पडणार नाहीत आणि सूत्राकडे वळावे.