‘भिन्न’ म्हणजे शुद्ध ‘वेगळा’? खुलासा

‘वेगळा’ हा बोलीतला शब्द, लेखी मराठीत ‘भिन्न’च शुद्ध, असं अनेकांना शाळेपासून वाटत आलं आहे. म्हणून नवी मुंबईतल्या सोसायटीच्या फलकावर ‘ओला व सुका कचरा भिन्न ठेवावा’ असं लिहिलं जातं. ते चुकीचं आहे.

‘वेगळा’चे अर्थ दोन: सुटा केलेला आणि सारखा नसलेला. ‘भिन्न’ आजच्या मराठीत फक्त दुसरा अर्थ देतो. कचरा सुटा ठेवायचा असतो, म्हणून तो ‘वेगळा ठेवावा’. ठाण्याहून येणारा लोहमार्ग तुर्भ्यानंतर फुटतो, एक फाटा वाशीकडे, दुसरा नेरुळ-पनवेलकडे. तिथे मार्ग ‘वेगळे होतात’. ‘भिन्न होतात’ कोणी म्हणत नाही. ‘दोघांचे स्वभाव भिन्न आहेत’ मात्र चोख मराठी.

‘वेगळा’चा कोणता अर्थ घ्यायचा ते त्याआधीच्या नामाला जोडलेलं शब्दयोगी अव्यय ठरवतं. ‘तो भावापासून वेगळा राहतो’ म्हणजे बिऱ्हाड निराळं. ‘तो भावापेक्षा वेगळा आहे’ म्हणजे स्वभाव निराळा. इथे ‘पासून’ आणि ‘पेक्षा’ यांची अदलाबदल केली की वाक्य भलतंच सांगतं.

रूपांतही फरक आहे. ‘वेगळा’ विकारी, म्हणजे रूप बदलणारा: वेगळी वाट, वेगळे डबे, वेगळ्या डब्यात. ‘भिन्न’ अविकारी: भिन्न मत, भिन्न मतांचे लोक. आणि पार्किंगसाठी जादा पैसे घ्यायचे असतील तर ‘वेगळे शुल्क’ लिहा. ‘भिन्न शुल्क’ लिहिलंत तर प्रत्येकाचा दर निराळा, असा अर्थ निघेल आणि सभेत वाद होईल.