काँक्रीट स्ट्राँग म्हणजे बर्फाने फुटत नाही? असं नसतं

स्ट्रेंथ जास्त असली की थंडीत काँक्रीटला काही होत नाही, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं, पण ते अर्धवट आहे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि काँक्रीटमधली बारीक छिद्रं पाण्याने जवळपास भरलेली असतील तर त्या फुगण्याला, ढकलल्या जाणाऱ्या पाण्याला जागाच मिळत नाही, मग आतून दाब येतो आणि बारीक भेगा पडतात, आणि हे दर गोठण्या-वितळण्याला परत परत. कोरडं काँक्रीट कितीही थंडीत निवांत असतं बरं का.

उपाय ऐकून उलटाच वाटतो, मुद्दाम हवा भरायची! एअर एन्ट्रेनिंग ॲडमिक्स्चर, म्हणजे काँक्रीट कालवताना बारीक बुडबुडे धरून ठेवणारं रसायन, टाकलं की डोळ्याला जेमतेम दिसतील असे असंख्य बुडबुडे तयार होतात, दाबाखालचं पाणी त्यांच्यात शिरतं. यात स्ट्रेंथ थोडी कमी होते, म्हणून काही लोक हवा नकोच म्हणतात, तिथेच घोळ होतो. नुसती टक्केवारीही पुरत नाही, सिमेंट-पाण्याच्या पेस्टमधल्या कुठल्याही जागेपासून बुडबुडा ०.२ मिमीच्या आत असायला हवा असं साधारण मानतात. मोठे चार बुडबुडे काय कामाचे?

आणि याची टेस्ट म्हणजे स्ट्रेंथसाठी करतात तसं काँक्रीटचा क्यूब दाबून फोडणं नव्हे. एएसटीएम सी ६६६ या अमेरिकी प्रमाणित टेस्टमध्ये काँक्रीटचे छोटे बीम साधारण ४ ते उणे १८ अंशांत ३०० वेळा गोठवून वितळवतात, मधेमधे कंपन देऊन बीमची स्वतःची कंपनाची फ्रिक्वेन्सी मोजतात. आत भेगा पडल्या की ती उतरते, बाहेरून बीम धडधाकट दिसला तरी. त्या फ्रिक्वेन्सीवरून काढलेला डायनॅमिक मॉड्युलस, म्हणजे काँक्रीटचा ताठरपणा, मूळच्या ६० टक्क्यांवर आला की टेस्ट तिथेच थांबवतात.