कोंडी, वाहतुकीची (सांगली)

सांगलीच्या जुन्या पेठांत, तसेच पेठांतून मिरज, माधवनगर व आयर्विन पुलाकडे निघणाऱ्या रस्त्यांवर वाहने अडकून पडण्याची स्थिती. वर्तमानपत्रांत ‘कोंडी’, बोलण्यात ‘ट्रॅफिक’ (‘मारुती चौकात ट्रॅफिक लागलंय’). ‘कोंडणे’ या क्रियापदावरून आलेला हा शब्द दाटीपेक्षा नेमका आहे. दाटीतून वाट काढता येते. कोंडीत शिरलेल्याला मागेही फिरता येत नाही.

शहराचे नावच रस्त्यांवरून पडले, असे एक मत फार प्रचलित आहे. मूळ वस्तीत सहा गल्ल्या होत्या आणि ‘सहा गल्ली’चे ‘सांगली’ झाले, अशी ही व्युत्पत्ती. ‘सहा’मधला ‘ह’ गळून ‘सा’ राहणे मराठीच्या वळणाला धरून आहे, पण अनुस्वार कोठून आला, हे या मताने सुटत नाही. ‘ल्ल’चा ‘ल’ होणेही गृहीतच धरावे लागते. दुसऱ्या मताप्रमाणे हे नाव कृष्णा-वारणा संगमावरून आले. त्यात अनुस्वाराचा प्रश्न मिटतो. मात्र ‘म’ गेला कोठे, हे सांगावे लागते, शिवाय संगम सांगलीत नसून जवळच्या हरिपूर येथे आहे. दोहोंत दुसरे मत कमी ओढाताणीचे वाटते. सहा गल्ल्यांची कथा तरीही का टिकली, हे गावभागात पायी हिंडल्यावर कळते.

आजच्या पेठांची घडण मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील. १८०१च्या सुमारास पटवर्धन घराण्यातील चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून वेगळे झाले आणि सांगली राजधानी झाली. खंदकाने वेढलेला गणेशदुर्ग एका अंगाला, कृष्णाकाठचे गणपती मंदिर दुसऱ्या अंगाला आणि मधल्या जागेत बाजार, असा हा विस्तार होता. घराण्याचे मूळ पुरुष हरभट यांचे नाव ज्या रस्त्याला आहे, तोच आज खरेदीचा मुख्य रस्ता. गणपती पेठ, कापड पेठ, सराफ कट्टा हे भाग पायी येणारे गिऱ्हाईक आणि बैलगाडीतून येणारा माल यांच्या बेताने बसले. पश्चिमेला नदी असल्याने शहराला त्या बाजूने वाढता आले नाही. ते पूर्वेला, विश्रामबागेच्या दिशेने पसरले. विलिंग्डन महाविद्यालय (१९१९) आणि पुढे वालचंद महाविद्यालय तिकडेच उभे राहिले. वस्ती पूर्वेला गेली, बाजार मात्र बराचसा पेठांतच राहिला. रोजच्या ये-जा करणाऱ्या वाहतुकीचे मूळ या फारकतीत शोधावे लागते. वाहनांच्या वाढत्या संख्येलाच सगळा दोष देणारे विवेचन त्यामुळे अपुरे ठरते.

रस्त्यावरील भार मोजताना सर्व वाहने मोटारीच्या मापात आणतात. या मापाला ‘पीसीयू’ (पॅसेंजर कार युनिट) म्हणतात. शहरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेने १९९०मध्ये दिलेल्या कोष्टकात मोटार १ धरली, तर दुचाकी ०.५ ते ०.७५, ऑटोरिक्षा १.२ ते २, ट्रक अथवा बस २.२ ते ३.७ आणि शेतीचा ट्रॅक्टर-ट्रेलर ४ ते ५ भरतो. एकूण वाहनांत त्या प्रकाराचा वाटा जास्त असेल, तेथे वरचा आकडा घेतात. या कोष्टकात हातगाडी २ ते ३ आहे, म्हणजे रिक्षाहून जड. हे वाचून नवल वाटते, पण गणपती पेठेत गुळाच्या भेल्या लादलेली हातगाडी उलट बाजूने येताना पाहिली की आकडा पटतो: हमाल पुढे वाकलेला, चाक गटाराच्या फरशीवर चढलेले, मागे टेम्पोचा हॉर्न आणि दोन्ही कडांना लावलेल्या मोटारसायकलींमुळे उरलेली जेमतेम एका गाडीची वाट.

उसाच्या हंगामात या हिशेबात आणखी भर पडते. कारखान्याला निघालेला ट्रॅक्टर बहुधा दोन ट्रेलर ओढतो. त्याला कोष्टकातला एका ट्रॅक्टर-ट्रेलरचा आकडा लावल्यास भार कमीच दिसेल. चौकात वळताना पुढचा ट्रेलर रस्त्याच्या मध्यावर येतो आणि मागचा आतली कड कापतो. दुचाकीस्वार नेमका त्या आतल्या फटीत घुसतो.

कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ सालचा असून तो सांगलीवाडीला शहराशी जोडतो. पुलावरून उतरलेले वाहन थोड्याच अंतरात पेठेच्या तोंडाशी येते. नदीची पातळी याच पुलापाशी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले. अशा वेळी सखल पेठांतील गाड्या उंच भागातील रस्त्यांच्या कडेला आणून लावल्या जातात आणि एरवी मोकळ्या असणाऱ्या रस्त्यांवर कोंडी होते. पुराच्या वर्णनांत या कोंडीचा उल्लेख क्वचितच येतो.

रेल्वेचा वाटा उत्तरेकडील रस्त्यांवर जाणवतो. मिरज-सांगली मीटरगेज फाटा १९०७मध्ये सुरू झाला होता. तो इतिहासजमा झाला तरी शहरात ‘स्टेशन चौक’ हे नाव राहिले आहे. माधवनगर रस्त्यावरील चिंतामणीनगरचा रेल्वे पूल नव्याने बांधण्यासाठी पाडल्यावर तिकडची वाहतूक आडवाटांनी न्यावी लागली आणि एका पुलावर किती भिस्त होती, ते उघड झाले.

मिरजेकडील रस्त्यावर एसटीची शहरी बस, रिक्षा आणि वडाप यांची चढाओढ असते. ‘वडाप’ म्हणजे माणशी भाडे घेऊन भरेल तसे निघणारे खासगी वाहन. हा शब्द सातारा, सांगली व कोल्हापूर भागात रूढ आहे. ‘ओढणे’ याचे बोलीतील रूप ‘वढणे’. त्यावरून, उतारू ओढून आत बसवतात म्हणून ‘वडाप’, अशी उपपत्ती सांगतात. ती लोकव्युत्पत्ती असण्याचा संभव आहे, तरी थांब्यावरील दृश्याशी जुळते. वडापला ठरलेला थांबा नसतो. हात दिसला की ते डावीकडे घेते, आणि मागची बस तेथेच उभी राहते.

वाहतुकीवर निर्बंध घालण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ११५खाली येतो. एकेरी मार्ग, जड वाहनांना ठरावीक वेळी बंदी, सम-विषम तारखांचे पार्किंग हे नेहमीचे उपाय. संस्थानच्या गणपतीचे विसर्जन पाचव्या दिवशी होते. त्या दिवशी मिरवणुकीच्या वाटेवरील वाहतूक अन्य रस्त्यांनी वळवतात. जिल्हाधिकारी कार्यालय राजवाड्यातून विजयनगरला गेल्यावर तेथील कामानिमित्त पेठांकडे येणारी वाहने मिरज रस्त्याकडे वळली. न्यायला आलेल्या पालकांच्या दुचाकी मात्र शाळा सुटताना अजूनही पेठांतील फाटकांसमोर दोन-दोन रांगांत उभ्या असतात.