दोन-चार मिलिमीटरची भिंत आणि ‘फिस्टुला’ या शब्दाचा घोळ

डाव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या, अगदी मागे अन्ननलिका असते, हे हृदयाच्या डॉक्टरांना अ‍ॅब्लेशन (ठोके बिघडवणाऱ्या जागा आतून जाळण्याचा उपचार) येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आकसलेल्या रुग्णाला बेरियम पाजून एक्स-रे काढला, की फुगलेल्या अलिंदाने मागे रेटलेली अन्ननलिका दिसायची. पुढे घशातून प्रोब घालून करायचा इको याच शेजारामुळे शक्य झाला.

1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी 45 रुग्णांचा अभ्यास छापला. एएफ, म्हणजे अलिंदांची अनियमित धडधड, सुरू करणाऱ्या जागांपैकी 94 टक्के फुप्फुसशिरांमध्ये (फुप्फुसातले रक्त डाव्या अलिंदात आणणाऱ्या शिरांमध्ये) निघाल्या. मग या शिरांच्या तोंडाभोवती जाळून कडे करायची पद्धत रुळली. काहींना तेवढे पुरेना, म्हणून जाळण्याच्या रेषा अलिंदाच्या मागच्या भिंतीवरही आल्या. ही भिंत साधारण दोन ते चार मिलिमीटर जाड. पलीकडे चरबीचा पातळ थर आणि लगेच अन्ननलिका, जिला आतड्यासारखे सिरोसाचे बाहेरचे आवरण नाही. त्यात ती एका जागी थांबत नाही, गिळताना सरकते. आदल्या दिवशीच्या सीटीत दिसली तिथेच ती टेबलावर सापडेल, याचा भरवसा नाही. अलिंद आणि अन्ननलिका यांच्यात भोक पडल्याच्या पहिल्या नोंदी उघड्या शस्त्रक्रियेतल्या होत्या. कॅथेटरने, म्हणजे शिरेतून हृदयात नेलेल्या बारीक नळीने, केलेल्या अ‍ॅब्लेशननंतरच्या नोंदी 2004 मध्ये छापून आल्या.

या भोकाला फिस्टुला म्हणतात. आपल्याकडचा मोठा अडथळा हा शब्दच आहे. नागपुरात फिस्टुला म्हटले की एक तर भगंदर, नाहीतर डायलिसिससाठी हातावर केलेली जोडणी. पहिल्याची लाज वाटते. दुसरी तर मुद्दाम, उपचारासाठी केलेली असते. संमतीपत्रावर हा शब्द वाचून सही करणाऱ्या नातेवाइकाच्या मनात यांतलेच काहीतरी येणार. ‘एट्रिओ-इसोफेजियल’ असे पूर्ण नाव लिहिले तरी उलगडा होत नाही, कारण अलिंद आधी आल्याने हृदयातले रक्त अन्ननलिकेत जाते एवढेच चित्र उभे राहते. जीव घेणारी वाट बहुधा उलटी असते. अन्ननलिकेतली हवा, अन्नाचे कण आणि जंतू हृदयात शिरतात, तिथून मेंदूत पोहोचतात. म्हणून रुग्ण रक्ताची उलटी घेऊनच येईल असे नाही. तो ताप घेऊन येतो, छातीत दुखते म्हणतो, घास उतरताना कळ येते म्हणतो, किंवा एकदम अर्धांगवायू होऊनच येतो.

गिळताना दुखते म्हटल्यावर कुणीही सुचवेल, ‘दुर्बीण टाकून बघू.’ नेमके तेच करायचे नसते. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिका हवेने फुगवतात. भोक असेल तर ती हवा हृदयातून थेट मेंदूकडे जाते. पहिली तपासणी कॉन्ट्रास्ट देऊन छातीचा सीटी हीच. म्हणून अ‍ॅब्लेशननंतर रुग्णासोबत द्यायच्या कार्डावर ‘फिस्टुला’ न लिहिता ‘हृदय आणि अन्ननलिका यांच्यात भोक’ असे साध्या मराठीत लिहावे, आणि छिंदवाडा-बालाघाटहून येणाऱ्यांसाठी हिंदीतही, असे माझे ठाम मत आहे.

2023 मध्ये छापलेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत साडेपाच लाखांहून जास्त अ‍ॅब्लेशनमध्ये असे 138 रुग्ण सापडले. प्रमाण 0.025 टक्के, पण त्यांतले जवळपास दोन तृतीयांश दगावले. शस्त्रक्रिया झालेल्यांतले निम्मे वाचले नाहीत, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांतले दहापैकी नऊ गेले. लक्षणे साधारण 18 व्या दिवसाच्या आसपास दिसली, काहींना थेट 60 व्या दिवशी. तोवर रुग्ण गडचिरोली किंवा गोंदियातल्या आपल्या गावी गेलेला असतो. पावसाळा सरताना ताप आला, तर मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड आणि 2018 च्या साथीनंतर स्क्रब टायफस एवढे सगळे आधी आठवते. गावातल्या डॉक्टरांचे त्यात काही चुकत नाही. त्यांच्या हातात पडलेला कागद त्यांना काही सांगत नाही.

बचावाचे उपाय बरेच झाले: मागच्या भिंतीवर कमी ऊर्जा, नंतर काही आठवडे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, अन्ननलिकेत तापमापक. तापमापकाबद्दल अजून एकमत नाही. अन्ननलिका रुंद, तापमापकाचे टोक एका कडेला, त्यामुळे तापलेली जागा निसटू शकते. थंड पाणी फिरवणाऱ्या नळीला अमेरिकेत 2023 मध्ये याच कामासाठी मान्यता मिळाली.

आता भर विजेच्या सूक्ष्म स्पंदांवर चालणाऱ्या पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशनवर आहे. हृदयाच्या पेशी या स्पंदांना लवकर बळी पडतात, अन्ननलिका बरीचशी वाचते. 17,000 हून जास्त रुग्णांच्या एका नोंदीत अन्ननलिकेची गंभीर इजा आढळली नाही. पण तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येणे आणि हृदयाच्या धमन्या आकसणे, हे प्रश्न त्यात दिसले. उष्णतेचे अ‍ॅब्लेशन अजून थांबलेले नाही. ज्याचे ते गेल्याच महिन्यात झाले आणि आज ताप चढला, त्याचा पहिला सीटी स्वच्छ आला तरी तक्रार टिकून असेल तर तो पुन्हा करावा लागतो.