जुने हायलँड बॅगपाइप

स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातील मशकवाद्य. या नोंदीत मुख्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत घडलेल्या वाद्यांचा विचार केला आहे.

वादक तोंडाने पिशवीत हवा भरतो आणि काखेत दाबून तिचा दाब कायम राखतो. चँटर या नळीवर नऊ स्वर वाजतात. खांद्यावरच्या तीन ड्रोन नळ्या, दोन टेनर व एक बास, सनईच्या साथीला सूर धरावा तसा अखंड सूर धरतात.

हे वाद्य घडवणारा मुळात कातारी. एडिंबरोचा ह्यू रॉबर्टसन हा त्यांतला अग्रणी. पुढे १८२७ मध्ये त्याच शहरात टॉमस ग्लेन याने दुकान थाटले आणि ग्लेन घराण्याने हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालवला. एबरफेल्डीचा डंकन मॅकडूगल आणि ग्लासगोचा पीटर हेंडरसन यांनी घडवलेले ड्रोन आजही वादक शोधत असतात.

आरंभी लॅबर्नमसारखे स्थानिक लाकूड वापरत. साम्राज्याच्या व्यापाराबरोबर एबनी (आबनूस) व वेस्ट इंडीजचे कोकसवुड ही लाकडे आली. कोकसवुड दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकन ब्लॅकवुड रूढ झाले; हे झाड आपल्या शिसवाच्याच कुळातले. कोकसवुडची नळी लांबून काळी भासते, पण उन्हात धरली की तांबूस तपकिरी झाक उमटते.

वाद्याचे खरे मोल नळीच्या आतल्या पोकळीत असते. लाकूड मुरवून भोक पाडायचे, मग ते नेमक्या मापाला आणायचे. ड्रोनचा गोडवा आणि स्थिरपणा बराचसा या मापांवर ठरतो. म्हणूनच आजचे कारागीर जुन्या ड्रोनची आतली मापे घेऊन नव्या नळ्या कातून काढतात. जुन्या चँटरची पट्टी मात्र आजच्यापेक्षा खालची असल्याने बँडमधले वादक जुन्या ड्रोनना नवा चँटर जोडतात.

नळीवर कातलेल्या बारीक समांतर चऱ्या आणि उठावाचे मणी यांवरून जाणकार कारागिराचा हात ओळखतात. चांदीच्या कड्यांवर एडिंबरोचा किल्ल्याचा छाप असेल, तर सोबतच्या अक्षरावरून त्या कड्यांचे वर्ष कळते. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. त्याच्या जागी वापरलेल्या सेल्युलॉइड या प्लास्टिकवर ती नसते. ही पारख आता कायद्यासाठीही लागते. ब्रिटनच्या २०१८ च्या हस्तिदंत कायद्यानुसार १९७५ पूर्वीचे आणि २० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेले वाद्य नोंदणी करूनच विकता येते. परदेशी जाणारे काही वादक हस्तिदंती कडी उतरवून कृत्रिम कडी बसवून घेतात.