व्हॉटमन (कागद आणि गाळणकागद)

इंग्लंडमधील केंट परगण्यात मेडस्टोन येथे उदयास आलेली कागदनिर्मिती पेढी. अठराव्या शतकात मुद्रक आणि चित्रकारांसाठी हातकागद बनवणारी ही पेढी विसाव्या शतकात प्रयोगशाळांना गाळणकागद पुरवणारी अग्रगण्य कंपनी झाली. रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके केलेल्यांना हे नाव ओळखीचे असते ते ‘व्हॉटमन नंबर ४२’सारख्या क्रमांकांमुळे. त्यामागची हातकागदाची परंपरा मात्र सहसा सांगितली जात नाही, आणि तिच्याशिवाय पुढची कहाणी नीट कळत नाही.

थोरले जेम्स व्हॉटमन (१७०२–५९) यांनी १७४० मध्ये लेन नदीकाठच्या टर्की मिलच्या मालकाच्या विधवेशी विवाह केला आणि गिरणी त्यांच्या हाती आली. त्या काळच्या साच्यात समांतर तारा असत व त्यांच्या रेघा कागदावर उमटत. व्हॉटमन यांनी विणलेल्या बारीक जाळीचा साचा वापरून जवळजवळ बिनरेघांचा, सपाट कागद काढला. बर्मिंगहॅमचे मुद्रक जॉन बास्करव्हिल यांनी १७५७ मध्ये छापलेल्या व्हर्जिलच्या काव्यासाठी अशा कागदाचा काही प्रमाणात वापर झाला. धाकट्या जेम्स यांनी (१७४१–९८) व्यवसाय वाढवला. १७७० च्या दशकात त्यांनी ‘अँटिक्वेरियन’ हा सुमारे ५३ × ३१ इंचांचा ताव काढला. एवढा साचा लगद्यातून उचलायला यांत्रिक आधार द्यावा लागे. ‘जे व्हॉटमन’ हे जलचिन्ह इतके प्रतिष्ठेचे ठरले की युरोपातील काही गिरण्यांनी त्याची नक्कल केली. हा कागद भारतातही आला. कलकत्त्यात १७७७ नंतर तिथल्या सरन्यायाधीशांच्या पत्नी लेडी इम्पे यांच्यासाठी शेख झैनुद्दीन आणि सहकाऱ्यांनी काढलेली पशुपक्ष्यांची विलक्षण सुंदर चित्रे व्हॉटमन कागदावर आहेत.

१७९४ मध्ये धाकट्या व्हॉटमननी गिरणी हॉलिंगवर्थ बंधूंना विकली. व्हॉटमन यांच्याच हाताखाली तयार झालेले विल्यम बॉल्स्टन या भागीदारीत होते. पुढे वेगळे होऊन त्यांनी मेडस्टोनजवळच मेडवे नदीकाठी स्प्रिंगफील्ड मिल उभारली. १८०७ च्या सुमारास सुरू झालेली ही गिरणी मुळापासून वाफेच्या इंजिनासाठी आखलेल्या पहिल्या कागद गिरण्यांपैकी एक होती. यंत्रकागदाचे युग आल्यावरही बॉल्स्टन घराण्याने व्हॉटमन नावाचा हातकागद सोडला नाही. गाळणकागदाच्या व्यवसायाचा पाया याच हट्टाने घातला, असे म्हणता येते.

लिहिण्याच्या कागदाला सरसाची खळ देतात, म्हणजे शाई फुटत नाही. गाळणकागदाला खळ मुळीच चालत नाही, कारण द्रव तंतूंमधून आरपार जायला हवा. काम उलटे, पण लागणारे कसब तेच: स्वच्छ कापसाचे तंतू, निर्मळ पाणी आणि ताव सर्वत्र सारख्या जाडीचा ठेवण्याची शिस्त. एके ठिकाणी लगदा विरळ पडला की साका, म्हणजे द्रावणातून वेगळा झालेला घन पदार्थ, तिथूनच निसटतो. भारमापन पद्धतीत, म्हणजे वजनावरून पदार्थाचे प्रमाण काढताना, तर साका कागदासकट मुशीत जाळून वजन करतात, त्यामुळे कागदाची राख नगण्य असावी लागते. त्यासाठी कागद आम्लांनी धुऊन खनिजे काढतात. ४० ते ४४ या राखरहित मालिकेत राखेचे प्रमाण ०.००७ टक्क्यापर्यंतच असते. त्यात नंबर ४१ जलद आहे, तो फेरिक हायड्रॉक्साइडसारख्या चिकट, फुगीर साक्यासाठी वापरतात. नंबर ४२ संथ, पण सुमारे २.५ मायक्रॉनचे कण अडवणारा, म्हणून बेरियम सल्फेटसाठी तो घेतात. विद्यार्थी संथपणाला कंटाळून ४१ लावतात तेव्हा बारीक साका खाली उतरतो आणि वजन कमी भरते.

पहिल्या महायुद्धात जर्मन गाळणकागदाची आवक थांबल्यावर ब्रिटिश प्रयोगशाळांमध्ये स्प्रिंगफील्डच्या कागदाला मागणी वाढली. पण या कागदाला विज्ञानाच्या इतिहासात कायमची जागा मिळाली ती १९४४ मध्ये. लीड्स येथे कॉन्स्डन, गॉर्डन व मार्टिन यांनी गाळणकागदाच्या पट्टीवर अमिनो आम्ले वेगळी करून दाखवली. तंतूंनी धरून ठेवलेले पाणी आणि वर चढणारा अथवा खाली उतरणारा द्रावक यांच्यात प्रत्येक घटक वेगळ्या प्रमाणात वाटला जातो, म्हणून त्याचा ठिपका वेगळ्या अंतरावर थांबतो. या कामासाठी व्हॉटमन नंबर १ हा जणू प्रमाण कागद बनला. अशा वाटणीवर आधारलेल्या पद्धतीला विभाजन वर्णलेखन म्हणतात; तिच्यासाठी मार्टिन व त्यांचे सहकारी सिंज यांना १९५२ चे नोबेल मिळाले. फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम उलगडला तोही मोठ्या अंशी याच तंत्राच्या आधारे. महागडी उपकरणे नसलेल्या प्रयोगशाळेलाही अव्वल जीवरसायनशास्त्र करता यावे, हे या साध्या तावाने शक्य केले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. व्ही. गिरी यांनी १९५० च्या दशकात वर्तुळाकार कागद-वर्णलेखनावर केलेले काम याची साक्ष देते.

कापसाच्या जोडीला पुढे काचतंतूंचे गाळण आले. पाण्यातील तरंगते घन पदार्थ मोजण्यासाठी ते सर्रास वापरतात. १९७४ मध्ये बॉल्स्टन यांची पेढी आणि तिचे जुने वितरक रीव्ह एंजल एकत्र आले. २००४ मध्ये व्हॉटमनने श्लायशर अँड श्यूल ही जर्मन प्रतिस्पर्धी कंपनी घेतली. तिच्याबरोबर ‘९०३’ हा कागदही आला, ज्यावर नवजात बाळाच्या टाचेतले रक्त टिपून जन्मजात विकारांची तपासणी होते. २००८ मध्ये जीई हेल्थकेअरने व्हॉटमन विकत घेतली, २०१४ मध्ये स्प्रिंगफील्ड मिल बंद झाली, आणि २०२० पासून हा व्यवसाय डॅनहर समूहातील सायटिव्हा कंपनीकडे आहे. व्हॉटमन हे नाव आणि कागदांचे जुने क्रमांक तिने कायम ठेवले आहेत.